लाडवाचा डिंक, कुऱ्हाडीचा दांडा

पातं, दांडा आणि पाचर. कुऱ्हाडीचे भाग तीनच. स्क्रू नाही, स्प्रिंग नाही, बॅटरीचा तर प्रश्नच नाही. तरीही एक कुऱ्हाड आजोबांकडून नातवाच्या हाती जाते आणि दुसरीचं पातं पहिल्याच पावसाळ्यात खुळखुळायला लागतं. फरक पडतो तो लोहाराच्या भट्टीत, दांड्याच्या रेषेत आणि घेणाऱ्याच्या नजरेत. बरं, हा फरक पैसे मोजण्याआधीच कळू शकतो, कारण हाताने घडवलेली चांगली कुऱ्हाड काही लपवत नाही. तिच्याकडे कसं बघायचं, हे सांगणाऱ्या या काही गोष्टी. वाटेत ऑस्ट्रेलिया, आल्प्स, स्वीडन, जपान लागेल आणि आपला विदर्भही.

१. दांडा सुचायला लाखो वर्षं लागली

दगडी हातकुऱ्हाडी माणूस पंधरा लाखांहून अधिक वर्षांपूर्वीपासून घडवत होता. नगर जिल्ह्यात नेवाशाजवळ प्रवरेच्या काठीही अशा हातकुऱ्हाडी सापडल्या. पण त्यांना दांडा नव्हता, दगड थेट मुठीत धरायचा. दांड्याला बसवलेल्या, घासून धार काढलेल्या कुऱ्हाडीचा आजवरचा सर्वांत जुना पुरावा ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली भागातला. २०१६ साली संशोधकांनी तो जगापुढे मांडला. नखाएवढा काळ्या दगडाचा तुकडा, वय ४६ ते ४९ हजार वर्षं. दांडा लागला आणि हाताची ताकद कित्येक पटींनी वाढली. म्हणून कुऱ्हाड घेताना नुसतं पातं बघू नका. दांडा हा तिचा अर्धा जीव आहे.

२. बर्फात गोठलेली कुऱ्हाड

१९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्समधल्या बर्फात, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला. त्याला नाव मिळालं ओत्झी. त्याच्याजवळ दांड्यासकट शाबूत कुऱ्हाड होती. पातं तांब्याचं, साडेनऊ सेंटिमीटरचं. दांडा यू नावाच्या चिवट झाडाचा, साधारण ६० सेंटिमीटर लांब. पातं बर्च झाडाच्या डांबराने चिकटवलेलं आणि वर चामड्याच्या पट्ट्यांनी घट्ट आवळलेलं. पुढे तपासणी झाली तेव्हा कळलं, की ते तांबं थेट इटलीतल्या टस्कनीकडचं होतं. म्हणजे धातू एका मुलखातला, डांबर एका झाडाचं, दांडा दुसऱ्या झाडाचा. प्रत्येक भागासाठी नेमकी वस्तू निवडायची, हा नियम तेव्हापासूनचा.

३. जोर्व्याचं तांबं, विदर्भाचं लोखंड

संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तिथे मिळालेल्या तांब्याच्या कुऱ्हाडी अगदी सपाट आहेत. दांड्यासाठी भोकच नाही. पुढच्या काळात विदर्भातल्या महापाषाणीय (दफनाभोवती मोठे दगड रचणाऱ्या) लोकांनी लोखंडाच्या कुऱ्हाडी केल्या. नागपूरजवळच्या माहुरझरीसारख्या ठिकाणी त्या दफनांमध्ये सापडल्या, तर नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. विदर्भातल्या या कुऱ्हाडींची खूण म्हणजे पात्याभोवतीच्या आडव्या लोखंडी पट्ट्या. पातं दांड्याला जखडण्यासाठी केलेली ही सोय. पातं निसटू कसं द्यायचं नाही, हा कुऱ्हाडीपुढचा सर्वांत जुना प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर पुढच्याच गोष्टीत आहे.

४. भोक सरळ नको

ज्या भोकात दांडा बसतो ते नेढं चांगल्या कुऱ्हाडीत वरून खालपर्यंत सारख्या मापाचं नसतं. मधे किंचित आवळलेलं, वर पुन्हा पसरट. दांडा खालून ठोकून बसवतात, वरून त्याच्या चिरेत पाचर मारतात. पाचर आत गेली की लाकूड वरच्या बाजूला फुलतं आणि पातं वरही सटकत नाही, खालीही घसरत नाही. कुऱ्हाड उलटी-सुलटी करून दोन्हीकडून नेढ्यात डोकवा. लाकूड चारही कडांना भिडलेलं दिसलं पाहिजे. फट दिसली, फटीत भुसा-डिंक भरलेला दिसला किंवा पाचरीऐवजी दोन खिळे ठोकलेले दिसले, की ती कुऱ्हाड तिथेच ठेवा.

५. पोलाद फक्त धारेपुरतं

एकोणिसाव्या शतकात स्वस्त पोलाद येईपर्यंत पोलाद फार महाग होतं. मग लोहार कुऱ्हाडीचं अंग मऊ लोखंडाचं करत आणि धारेच्या जागी पोलादाची पट्टी भट्टीत तापवून, घणाने ठोकून एकजीव करत. हे केवळ काटकसरीचं नव्हतं. मऊ अंग धक्का पचवतं, कडक धार कापते. जपानमधले काही लोहार आजही अशाच दुपदरी कुऱ्हाडी घडवतात आणि घासलेल्या पात्यावर दोन धातूंची सीमारेषा स्पष्ट दिसते. आता बहुतेक कुऱ्हाडी सबंध पोलादाच्या असतात, पण तत्त्व तेच आहे. पाणी फक्त धारेला पाजायचं, म्हणजे तेवढीच कडक करायची, नेढ्याभोवतीचं अंग चिवटच ठेवायचं.

६. ट्रक थांबतो, कमानपाटा चालत राहतो

रस्त्याकडेला पाल टाकून बसलेले घिसाडी लोहार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांच्या बऱ्याच कुऱ्हाडी, विळे, कोयते बनतात ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून. भंगारातलं म्हणून त्याला कमी लेखू नका. लाखो खड्डे सोसून पुन्हा सरळ होणारं हे पोलाद. त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का, म्हणजे कुऱ्हाडीला हवा तेवढा. धार धरेल इतकं कडक आणि तुटणार नाही इतकं चिवट.

काम बघत उभं राहावं असं. भाता चालतो, पाटा आधी लाल, मग नारिंगी होतो. एकजण सांडशीने तो ऐरणीवर धरतो आणि छोट्या हातोडीने घाव कुठे हवा ते दाखवतो. समोर घण उचलून बाई उभी असते. हातोडी टक्, घण धाड. हातोडी टक्, घण धाड. ताल चुकत नाही आणि घाव सांगितल्या जागेपासून बोटभरही सरकत नाही. या बायकांच्या दंडातली ताकद आणि नजरेतलं माप त्या कुऱ्हाडीत उतरलेलं असतं. घासाघीस करताना हे आठवावं.

७. धारेवर रंगांची मिरवणूक

आता खरी कसोटी. लोहार तापलेल्या पात्याची फक्त धार पाण्यात बुडवतो. चर्र. धार कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही. तो पातं बाहेर काढतो, धार दगडावर चटकन घासून चकचकीत करतो आणि थांबतो. मागच्या अंगात अजून उष्णता असते, ती हळूहळू धारेकडे सरकते. आधी फिकट पिवळा रंग उमटतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पोलादावर साचणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थराचे हे रंग. पिवळा साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला, निळा ३०० च्या आसपास. जांभळा-निळा रंग धारेशी पोचला की पातं पुन्हा पाण्यात. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ, क्षणभर घाई झाली तर टवके उडणार. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, नुसते डोळे. म्हणून तर हे काम संध्याकाळच्या मंद उजेडात किंवा सावलीत करतात. भर उन्हात रंग नीट दिसत नाहीत.

८. कानस खोटं बोलत नाही

पाणी नीट बसलंय का, हे घरी कळण्यापेक्षा भट्टीसमोरच कळलेलं बरं. एक कानस घ्या आणि धारेवर हलकेच चालवा. कानस लोण्यात शिरल्यासारखी शिरली तर धार मऊ आहे, पहिल्या ओंडक्यावर वळेल. कानस घसरत राहिली, काही धरेचना, तर धार फार कडक, थंडीत किंवा गाठीवर टवका उडेल. कानस किंचित धरून धरून चालली तर पाणी अचूक. चांगल्या कुऱ्हाडीची धार कानशीपेक्षा थोडीच मऊ असते आणि तशीच असावी, म्हणजे रानातही कानशीने धार लावता येते.

९. पात्यावर कारागिराची सही

स्वीडनमध्ये कुऱ्हाडीची परंपरा मोठी. हुल्ट्स ब्रुक हा तिथला लोखंडाचा कारखाना १६९७ सालचा, आजही तिथे कुऱ्हाडी बनतात. १९०२ मध्ये सुरू झालेल्या ग्रेन्सफोर्स ब्रुकची गोष्ट तर खासच. तिथे ज्या लोहाराने पातं घडवलं, त्याच्या नावाची आद्याक्षरं त्या पात्यावर ठोकलेली असतात. पात्याला रंग नाही, उगाचची चमक नाही, घणाचे ठसे तसेच. वर २० वर्षांची हमी.

रंग नसण्यात मोठा अर्थ आहे. जाड रंगाखाली चीरही झाकते, वाकडं नेढंही झाकतं. उघडं पातं म्हणजे कारागीर सांगतोय, बघा हवं तितकं. आपल्याकडचा लोहार आद्याक्षरं ठोकत नसेल, पण कुऱ्हाड कुणाच्या हातची हे पंचक्रोशीला माहीत असतं. विचारून घ्या.

१०. माठासारखी वाजवून घ्या

माठ घेताना टिचकी मारतो ना, तशीच दांडा न बसवलेली कुऱ्हाडही वाजवून बघा. पातं दोरीला अडकवून लोंबतं ठेवा आणि दुसऱ्या लोखंडाने हलकेच ठोका. स्वच्छ, लांबणारा ठण्ण असा आवाज आला तर पातं अखंड. बद्द आवाज आला तर आत कुठेतरी चीर आहे किंवा जोड नीट बसलेला नाही.

११. पूर्वी कुऱ्हाड बोथटच मिळायची

दुकानातून कुऱ्हाड आणायची आणि तासन्‌तास दगडावर घासून धार काढायची, असा अमेरिकेतही एके काळी रिवाज होता. १८२६ साली कनेटिकट राज्यात कॉलिन्स बंधूंनी कारखाना काढला आणि धार लावलेल्या, लगेच वापरता येतील अशा कुऱ्हाडी विकायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या नावावरून गावच वसलं, कॉलिन्सव्हिल. अमेरिकेतल्या कुऱ्हाडींना प्रांतांची आणि शहरांची नावं आहेत: कनेटिकट, मिशिगन, जर्सी, डेटन. जसं रान, जसं लाकूड, तसा पात्याचा घाट. दोन्हीकडे धार असलेली कुऱ्हाडही तिकडे लाडकी. एक बाजू पातळ, तल्लख, झाड तोडायला. दुसरी जरा जाड, गाठी आणि जमिनीलगतचं लाकूड तोडायला.

१२. तोडायची वेगळी, फोडायची वेगळी

एकच कुऱ्हाड सगळ्या कामांना, हा हट्ट सोडा. उभं-आडवं लाकूड तोडायचं तर पातं पातळ हवं, लाकडात खोल शिरणारं. जळणाचे ओंडके फोडायचे तर पातं जाड हवं, पाचरीसारखं दोन्हीकडे ढकलणारं. पातळ पातं ओंडक्यात रुतून बसतं, जाड पातं उभ्या खोडावरून उडतं. चांगल्या पात्याचे गालही (दोन्ही बाजू) किंचित फुगीर असतात, त्यामुळे ते लाकडात अडकत नाही. गालांवरून अंगठा फिरवून बघा, लगेच कळेल.

१३. जड म्हणजे जोरदार नव्हे

शाळेतलं सूत्र इथे कामाला येतं. वजन दुप्पट केलं तर घावातली ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणून जी कुऱ्हाड आपण दिवसभर वेगाने आणि नेमकी चालवू शकतो, ती जड कुऱ्हाडीला हरवते. दुकानात उचलून, हात सरळ पुढे करून थोडा वेळ धरून बघा. मनगट थरथरलं तर एक माप खाली या. तुमच्या ताकदीला शोभेल ती कुऱ्हाड मोठी, शेजाऱ्याच्या कुऱ्हाडीपेक्षा जड असेल ती नव्हे.

१४. डिंकाचे लाडू देणारं झाड

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आपण म्हणतोच. पण हा दांडा नेमका कोणत्या गोतातला? अमेरिकेत हिकरी, युरोपात ॲश. आणि आपल्याकडे धावडा. चिवट, जड, धक्का सोसणारा. बैलगाडीच्या आसालाही हेच लाकूड वापरत. आणि बाळंतिणीच्या लाडवात पडतो तो डिंकही याच धावड्याचा! दुसरं नाव धामणीचं. वाकून परत सरळ होण्यात तिचा हात धरणारं लाकूड कमी. बाभळीचे दांडेही खेडोपाडी चालतात.

झाडापेक्षाही महत्त्वाची रेषा. दांड्याच्या टोकाचा काप बघा. लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेने धावत असाव्यात, आडव्या नकोत. मग दांड्याच्या कडेने नजर टाका. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हवी. मधेच तिरपी होऊन बाहेर पडली असेल, तर दांडा नेमका तिथेच मोडणार. गाठ असेल तर बघायचंही कारण नाही. शेवटी कुऱ्हाड डोळ्यासमोर धरून दांड्याच्या टोकाकडून पाहा, धार आणि दांडा एका ओळीत दिसले पाहिजेत.

१५. पाण्यात भिजवू नका, जवस लावा

पातं हललं की कुऱ्हाड बादलीत बुडवून ठेवायची, ही घरोघरची युक्ती. लाकूड फुगतं, पातं घट्ट बसतं, पण दोन दिवसांपुरतंच. लोखंडाने दाबलेले तंतू चेपतात आणि लाकूड सुकलं की ते आधीपेक्षाही सैल होतं. योग्य उपाय म्हणजे पाचर खोल ठोकणं किंवा नवी घालणं. दांड्याला वार्निशपेक्षा जवसाचं तेल उत्तम. लाकडात मुरतं, हवेने घट्ट होतं आणि हाताला फोड येऊ देत नाही. एक सावधगिरी मात्र घ्याच. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या हवेत सुट्या पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका.

१६. झटपट पाच

• रशियात ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावर १७१४ सालचं लाकडी चर्च उभं आहे. घुमट २२, उंची ३७ मीटर, ओंडक्यांच्या सांगाड्यात एकही खिळा नाही. मुख्य हत्यार कुऱ्हाड. काम संपल्यावर सुताराने ती सरोवरात फेकून दिली, अशी दंतकथा आहे.

• जपानी कुऱ्हाडींच्या एका गालावर तीन आणि दुसऱ्या गालावर चार रेषा कोरलेल्या असतात. डोंगरदेवाला वाहिलेला हा नैवेद्यच, असं मानतात.

• ब्रिटनचे चार वेळा पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन यांचा छंद होता झाडं तोडण्याचा. सत्तरी ओलांडल्यावरही कुऱ्हाड सुटली नाही. चाहते त्यांच्या घावाच्या ढलप्या आठवण म्हणून घरी नेत.

• स्पेनमधल्या बास्क प्रांतात ओंडका तोडायच्या शर्यती लागतात. गडी ओंडक्यावरच उभा राहतो आणि आपल्या दोन पायांच्या मधे घाव घालतो.

• व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये ‘द अगरिया’ हे पुस्तक लिहिलं ते मध्य भारतातल्या लोखंड गाळणाऱ्या अगरिया जमातीवर. अगरियांचा मंडला-बालाघाटचा मुलूख विदर्भापासून फार दूर नाही.

१७. कुऱ्हाडबंदीचा धडा

हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीने महाराष्ट्राला पाणलोटाबरोबर आणखी एक गोष्ट शिकवली, कुऱ्हाडबंदी. गावांनी झाडं तोडायचं थांबवलं आणि उघडे डोंगर हिरवे झाले. चांगल्या कुऱ्हाडीवर प्रेम करणाऱ्याने हे आधी मनावर घ्यावं. आपल्याकडे वृक्षतोडीला १९६४ पासून कायदा आहे, स्वतःच्या शेतातल्या अनेक जातींच्या झाडांनाही परवानगीशिवाय हात लावता येत नाही. कुऱ्हाड हवी ती वाळलेल्या, पडलेल्या लाकडासाठी, छाटणीसाठी, जळणासाठी आणि सुतारकामासाठी. धावड्याची झाडं रानात राहिली तरच उद्या नवा दांडा मिळेल, हाही साधा हिशेब आहे.

घेताना एवढं बघा

• नेढ्यात दोन्हीकडून फट नाही, पाचर लाकडात पूर्ण गेलेली आहे.

• धार आणि दांडा एका ओळीत.

• दांड्याच्या रेषा पात्याच्या दिशेने, कुठेही तिरप्या नाहीत, गाठ नाही.

• पात्यावर जाड रंग नाही. असलाच तर धारेजवळ आणि नेढ्याजवळ खरवडून बघायची परवानगी मागा.

• कानस धारेवर धरून धरून चालते.

• वजन आपल्या हाताला पेलतं.

• लोहार पाच वर्षांनी ती शेवटून, म्हणजे तापवून पुन्हा धार काढून, द्यायला तयार आहे.

या यादीतला शेवटचा मुद्दा सगळ्यांत मोलाचा. पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: “दादा, धार झिजली, दांडा मोडला तर परत आणू का?” ज्याला आपल्या पाण्याची खात्री आहे तो लगेच म्हणतो, “कधीही आणा.” त्याने सांगितलेली किंमत द्या. त्या पैशांत तुम्हाला कुऱ्हाड मिळतेच, आणि गावातली एक भट्टीही पेटती राहते.